चार कामं आणि बादली

सोडतीत आमच्या प्रभागाची जागा महिलांसाठी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी भाऊ आमच्या घरी आले.

चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या गराड्यात आमचं हे छोटं शहर आहे. मी लातूरकडून नोकरीसाठी आलो तेव्हा इथे ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. भाऊ आमच्या भागाचे पुढारी. नगरसेवक व्हायचं म्हणून दोन वर्षं त्यांनी एकाही मंडळाची आरती चुकवली नव्हती, कुणाच्या बारशाला उशीर केला नव्हता, आणि ऐन वेळी चिठ्ठीनं घात केला.

मी पहिल्या शिफ्टहून नुकताच आलो होतो. अंगात कंपनीचा शर्ट तसाच होता.

"वहिनींना उभं करा," भाऊ सोफ्यावर टेकत मला म्हणाले. "प्रभागात त्यांना ओळखत नाही असं घर नाही. फॉर्म आपण भरू, प्रचार आपण करू. निवडून आल्या की कामं तुम्ही-आम्ही बघू. त्यांनी नुसत्या सह्या करायच्या."

माझी बायको शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. नऊ वर्षं झाली. तिचं बालपण पिंपरीत, संत तुकाराम नगरला गेलं; वडील कामगार, घरात तीन बहिणी, त्यामुळे बोलायला कुणाच्या बापाला घाबरायचं नाही हे तिला लहानपणीच कळलं होतं. ती त्याच वेळी दुपारची फेरी संपवून आली. हातात व्हॅनची किल्ली, डोक्याला रुमाल. दारातच उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं.

"उभी राहते," ती म्हणाली.

"वा! हे झालं काम!" भाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"पण कामं मी बघणार. आणि सही वाचून करणार."

भाऊ हसले. चहा प्याले, आमच्या कुंड्यांचं कौतुक केलं, 'कळवतो' म्हणाले आणि गेले. आठवड्याच्या आत चौकात फ्लेक्स लागला. त्यावर भाऊ हात जोडून उभे होते, ताडमाड, आणि त्यांच्या कोपराजवळ पासपोर्टच्या फोटोएवढी त्यांची भावजय. उमेदवार ती होती.

फ्लेक्स बघून बायको घरी आली ती थेट म्हणाली, "मी अपक्ष उभी राहते."

मी हातातला डबा खाली ठेवला. "अगं, आपलं काय काम तिथे?"

"घाबरलात का?"

"हो."

"बरं झालं. मला वाटलं मी एकटीच घाबरलेय," ती म्हणाली आणि आम्ही दोघंही खुळ्यासारखे हसत सुटलो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच बेभरवशाचं काम असेल.

फॉर्म भरायला कागद पुष्कळ लागतात. त्यात एक कागद असा, की उमेदवाराच्या घरी शौचालय आहे आणि तो ते वापरतो. तो कागद तिनं दोनदा वाचला.

"म्हणजे उमेदवाराच्या घरी संडास पाहिजेच," ती म्हणाली. "आणि आठवडे बाजारात दिवसभर बसणाऱ्या बाईनं काय करायचं?"

बाजारात स्त्रियांसाठी शौचालय बांधलेलं होतं. गुलाबी रंग, बाहेर हसऱ्या बाईचं चित्र आणि दाराला कुलूप. ते उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. भाजीवाल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मला त्या दिवशी बायकोकडून कळलं. मी त्यांच्याकडून वर्षानुवर्षं मेथी घेत होतो.

अशा रीतीनं तिच्या कामांच्या यादीतलं पहिलं काम ठरलं. बाकीची तिनं आपल्या पद्धतीनं गोळा केली. व्हॅनच्या प्रत्येक थांब्यावर मूल चढेपर्यंत अर्धा मिनिट मिळतं. तेवढ्यात ती आयांना विचारायची, "आपल्या गावात सगळ्यात आधी काय व्हायला पाहिजे? एकच सांगायचं." मुलांच्या हजेरीच्या वहीत मागच्या पानांवर ती लिहून घ्यायची. आठवडाभरात पानं भरली. रविवारी आम्ही जेवणाची ताटं बाजूला सारून ती वही घेऊन बसलो.

त्यात सगळंच होतं. गटार, कुत्री, मंगल कार्यालयाचा आवाज. एका बाईनं सांगितलं होतं, 'नवऱ्याच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद करावा'. त्याच्या खाली दुसरीचं होतं, 'नवऱ्याचा ओव्हरटाइम वाढवावा, घरी फार बोलतो'. माझ्याही दोन सूचना मी हळूच घातल्या होत्या. एक बाग आणि एक बॅडमिंटनचं कोर्ट.

"बॅडमिंटन कुणी लिहिलं?" तिनं विचारलं.

"असेल कुणीतरी."

"अक्षर तुमचं आहे."

"लोकांना खेळायला नको का?"

"पोरं हायवे ओलांडताना रोज खेळतात की, जिवाशी," ती म्हणाली आणि माझ्या कोर्टावर आडवी रेघ ओढली. मला खरंच लागलं ते. मी उठून ताटं घासायला घेतली. मग तिनं मला चहा करून दिला आणि बागेवरही रेघ ओढली.

शेवटी चार कामं उरली. बाजारातलं शौचालय उघडणं. शाळेसमोर हायवे ओलांडायला पट्टे आणि दोन्ही वेळा एक माणूस. नळाला पाणी कधी येणार ते आदल्या दिवशी कळवणं. आणि कंपनीच्या बसगाड्या थांबतात त्या वळणावर दिवे, कारण दुसऱ्या शिफ्टच्या बायका तिथेच उतरतात.

"एवढंच?" मी म्हणालो. "लोक म्हणतील, हिच्याकडे स्वप्नच नाही."

"एवढं झालं तर पाचवं सांगीन."

चिन्हासाठी तिनं पहिल्या पसंतीला रोडरोलर लिहिला होता. खड्ड्यांतून नऊ वर्षं व्हॅन चालवलेल्या बाईला आणखी काय आवडणार? पण दुसऱ्या एका अपक्षालाही रोडरोलरच हवा होता. चिठ्ठ्या टाकल्या, रोलर त्याला गेला आणि हिला मिळाली बादली. निवडणूक ऑफिसच्या पायऱ्या उतरताना तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"बादली काय वाईट आहे?" मी समजूत काढली.

"बादली घेऊन मत मागायचं? दूधवाली वाटेन मी!"

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत एक बाई गॅलरीतून तिला बघून ओरडली, "ताई, थांबा!" आणि आत जाऊन तिनं प्लॅस्टिकची निळी बादली आणली, कठड्याला बांधून खाली सोडली. संध्याकाळपर्यंत समोरच्या बिल्डिंगमध्ये पाच बादल्या लटकल्या. पुढच्या आठवड्यात तर कुठल्याही गल्लीत मान वर केली की लाल, पिवळ्या, निळ्या बादल्या वाऱ्यानं झुलत असायच्या. आम्ही त्यातली एकही बांधली नव्हती. मी कंपनीतून येताना बस थांब्यावर उतरायचो आणि वर बघत, बादल्या मोजत, ठेचकाळत घरी यायचो. कंपनीत लाइनवरचे दोस्त मला 'काय बादलीराव' म्हणायला लागले. मला त्याचा राग यायच्याऐवजी गुदगुल्या व्हायच्या.

एक गोष्ट मात्र तिनं कडक पाळली. व्हॅनवर झेंडा नाही, पत्रक नाही, मुलांना एक शब्द नाही. मुलांनी आपापलं गाणं रचलं ते वेगळं. 'पाणी कधी, पाणी कधी' असं त्यात काहीतरी होतं, आणि ती आरशात डोळे वटारून बघेपर्यंत ते चालायचं.

भाऊंचं पत्रक चकचकीत होतं. प्रवेशद्वारावर भव्य कमान, संगीतावर नाचणारं कारंजं, चौकात स्कायवॉक. आमचं पत्रक झेरॉक्सचं, त्यावर चार ओळी. भाऊंचे कार्यकर्ते ते दाखवून हसायचे.

मारुतीच्या पारापुढे तिची कोपरा सभा झाली. माइक मीच जोडला होता, त्यामुळे तो दर दोन मिनिटांनी किंचाळत होता. तिथे गावातले एक जुने आजोबा पुढे बसले होते, फेटा, हातात काठी. त्यांच्या रानावरच आता तीन कारखाने उभे आहेत. ती बोलायला लागणार तेवढ्यात त्यांनी काठी वर केली.

"बाई, आमच्या नळाला पानी येनार का न्हाई, येवढंच सांग."

मी मनातल्या मनात म्हणालो, हो म्हण. हो म्हणून मोकळी हो.

"आजोबा, जास्त पाणी आणीन असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "ते माझ्या एकटीच्या हातात नाही. पण कधी येणार ते तुम्हाला आदल्या दिवशी कळेल, एवढं करीन."

"म्हंजी तवर वाट बघत बसायचं न्हाई?"

"बसायचं नाही. झोपा निवांत."

आजोबा पोट धरून हसले. सगळ्या पाराकडे वळून म्हणाले, "येवढं खरं बोलती, ही पडनार बघा! पर मत मी हिलाच देनार."

माणसं खदखदून हसली, आणि त्या हसण्यात तिचा आवाज मोकळा झाला. तिनं पुढे दहा मिनिटं चारही कामं समजावून सांगितली. मला बोलायचा आग्रह झाला. 'वहिनींचे मिस्टर, दोन शब्द' म्हणून माइक माझ्या हातात दिला गेला. मी म्हणालो, "माझं बॅडमिंटन कोर्ट हिनं कापलं. तुमच्या नको त्या मागण्याही ही कापणार. धन्यवाद." आयुष्यातलं माझं ते एकमेव भाषण, आणि टाळ्या पडल्या.

मतमोजणी शाळेच्या हॉलमध्ये होती. बायकोबरोबर मी आत होतो. बाहेर रस्त्यावर आमच्या गल्ल्यांमधल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन थांबल्या होत्या. फेरीमागून फेरी आकडे इतके चिकटून चालले होते की मला खुर्चीवर बसवेना. शेवटच्या फेरीत आम्ही पुढे आहोत असं कुणीतरी ओरडलं आणि ते बाहेर 'आली! आली!' असं पोचलं. झालं. बाहेर बादल्यांवर थापा सुरू झाल्या. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ढोलापेक्षा हलका, खुळखुळता, आणि त्यात पन्नास बायकांचं ओरडणं.

आत मात्र अजून एक मतदान यंत्र बाकी होतं. त्यातली मतं मोजली आणि बायको हाताच्या बोटांवर मोजावीत इतक्या मतांनी पडली.

आम्ही बाहेर आलो तर तिच्यावर गुलाल. तोंडात पेढे. ती हात हलवून सांगतेय, "अगं पडले मी! पडले!" आणि बायकांना वाटतंय ती आनंदानं बडबडतेय. शेवटी मी एका ओट्यावर चढून दोन्ही हातांनी खूण केली तेव्हा आवाज थांबला. मग गॅलरीतून पहिली बादली सोडणारी ती बाई म्हणाली, "आता वाजवायला घेतलंय तर वाजवूनच टाकू!" आणि पुन्हा थापा सुरू झाल्या, आधीपेक्षा जोरात. माझी बायको पडलेली असताना रस्त्यात फुगडी खेळत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते गुलालानं की कशानं, मी विचारलं नाही.

तेवढ्यात भाऊ बाहेर आले. त्यांना कार्यकर्त्यांनी खांद्यावर घेतलं, हार घातले, फटाके लावले. त्या गोंधळाच्या कडेला, भिंतीला चिकटून, पदर सावरत एक बारीकशी बाई उभी होती. निवडून आलेली तीच होती, आणि तिच्या अंगावर गुलालाचा कणही नव्हता. माझी बायको फुगडी सोडून तिच्याकडे गेली, आपल्याच गालावरचा गुलाल बोटांनी काढून तिनं तिच्या कपाळाला लावला.

"अभिनंदन," ती म्हणाली.

भाऊंच्या भावजयीनं तिचा हात धरला तो सोडेच ना.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी व्हॅन निघाली. चौथ्या दिवशी शेवटच्या थांब्यावर एकही मूल नसताना ती बारीक बाई उभी. हातात आमचं झेरॉक्सचं पत्रक, चार घड्या घातलेलं.

"ताई, एक विचारू का?" ती म्हणाली. "स्कायवॉक म्हणजे काय?"

बायकोनं सांगितलं.

"आणि ते आपल्याला कशाला पाहिजे?"

"तुमच्याच पत्रकात आहे ना."

"मला कुणी विचारलं होतं? मला तुमची ही चार कळतात. बाजारातलं तर मी लहानपणापासून भोगलंय, माझी आई भाजी विकायची." आणि मग खाली बघत म्हणाली, "मला शिकवाल?"

त्याच दुपारी दोघी नगरपरिषदेच्या ऑफिसमध्ये गेल्या. शौचालयाची चावी मागितली. एका टेबलावरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. कुणाकडेच चावी नव्हती, आणि कुलूप तोडायला परवानगी हवी, परवानगीला ठराव हवा. दोघी हात हलवत भरलेल्या आठवडे बाजारात आल्या आणि त्या गुलाबी दारासमोर उभ्या राहिल्या. मी दुसऱ्या शिफ्टला निघालो होतो, म्हणून तिथेच भेटलो. पलीकडे चहाच्या टपरीवर फेटेवाले आजोबा बसले होते.

"काय गं पोरींनो, कुणाची वाट बघताय?"

"चावी सापडत नाही, आजोबा."

"हिची? ही तर माझ्यापाशी हाय की!" त्यांनी बंडीच्या खिशातून जुडगा काढला. "बांधनारा मानूस जाताना ठिवून गेला माझ्याकडं, म्हनला, कुनी मागितली तर द्या. आजवर कुनी मागितलीच न्हाई!"

भावजयीला पहिल्यांदा हसू फुटलं आणि मग ते थांबेना. ती हसत हसत खाली बसली. माझी बायको दाराला टेकून हसत होती. आजोबांना कळेना आपण काय विनोद केला. कुलूप गंजलं होतं; मी डब्यातल्या भाजीचं तेल त्यावर ओतलं. अर्ध्या तासानं ते उघडलं. आत कोरं करकरीत, फरशीवर नुसती धूळ. बाजारातल्या बायकांनीच पाणी मारलं. फीत नाही, नारळ नाही. मेथीवाली मावशी सगळ्यांना ढकलून पहिली आत गेली आणि बाहेर आल्यावर तिनं दोन्ही ओले हात वर करून अख्ख्या बाजाराला दाखवले. बायकांनी शिट्ट्या मारल्या. मी शिफ्टला उशिरा पोचलो आणि सुपरवायझरला कारण सांगताना माझंच हसू आवरेना.

नगरपरिषदेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेला भाऊंची भावजय बोलायला उभी राहिली. बायको आणि मी मागे प्रेक्षकांत बसलो होतो, भाऊ आमच्या पुढच्या रांगेत. त्यांनी लिहून दिलेला कागद तिच्या हातात होता. तिनं तो टेबलावर उलटा ठेवला, पर्समधून झेरॉक्सचं पत्रक काढलं आणि उरलेली तीन कामं एकेक करून वाचली. भाऊंची मान हळूहळू तिच्याकडे वळत गेली. 'कारंजं?' असं ते पुटपुटले. ती वाचत राहिली. संपल्यावर तिनं वर बघितलं, आणि माझी बायको, जिनं मला नाटकाला गेल्यावर शेंगा खाऊ दिल्या नव्हत्या, तिनं तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. आम्हाला बाहेर काढलं. आम्ही पायऱ्यांवर बसून उरलेली सभा खिडकीतून ऐकली.

आता पाण्याचा निरोप फोनवर आदल्या संध्याकाळी येतो. कधी चुकतो, पण येतो. शाळेपुढे पट्टे ओढलेत आणि शिट्टी घेतलेला एक माणूस दोन्ही वेळा उभा असतो. दिव्यांचे खांब आलेत, दिवे अजून यायचेत. त्यासाठी दोघी दर सोमवारी ऑफिसात जातात आणि तिथल्या साहेबांनी आता त्यांच्यासाठी दोन खुर्च्याच वेगळ्या ठेवल्यात. भाऊ पहिले दोन महिने फुगून बसले होते. मग लोक रस्त्यात थांबवून त्यांचे आभार मानायला लागले, तेव्हा ते सगळं आपणच केलं असं सांगायला लागले. बायको म्हणते, सांगू दे.

मागच्या रविवारी नगरसेविकाबाई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मला गाडी चालवायला शिकवा. सगळीकडे भावजींच्या गाडीतून जावं लागतं." कंपन्यांना सुट्टी, एमआयडीसीचा रुंद रस्ता ओस. त्या स्टिअरिंगवर, बायको शेजारी, मी मागच्या पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन. व्हॅन दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा सुटली ती अशी, की मी सीटवरून उडालो.

"ब्रेक!" मी ओरडलो.

"ब्रेक कशाला?" बायको म्हणाली. "रस्ता रिकामा आहे. तिसरा गिअर टाका, बाई!"

त्यांनी टाकला. खिडकीतून वारा आत घुसला, त्या दोघी एकदमच ओरडल्या, आणि मागे मीही.